आयएल-१० रिपोर्टमध्ये वाढलेलं आलंय, अँटी-इन्फ्लमेटरी आहे म्हणजे चांगलंच ना?

कोथरूडची_मेघना:
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होणारे, पण इथे कुणाला इम्युनॉलॉजीतलं कळत असेल तर प्लीज वाचा.

माझ्या धाकट्या दिराला क्रोन्स (आतड्याला सतत सूज येण्याचा आजार) आहे, बरीच वर्षं झाली. आधी स्टिरॉइड, मग अ‍ॅझाथायोप्रिन, आणि आता पंधरा दिवसांनी एकदा अडालिमुमॅबचं इंजेक्शन. तसं बरं चाललंय, ऑफिसला जातो, फक्त मधूनअधून पोट बिघडतं आणि मग घरातल्या सगळ्यांची झोप उडते. तर झालं काय, आमच्या सोसायटीत एक वेलनेसवाले राहतात, त्यांनी सासूबाईंना पटवलं की एकदा सायटोकाइन (रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती प्रोटीनं, आयएल-६, आयएल-१० म्हणजे इंटरल्यूकिन ही त्यातलीच) पॅनल करून घ्या, मूळ कारण कळेल. केलं. पैसे भरपूर गेले. रिपोर्टमध्ये आयएल-६ थोडं वर आणि आयएल-१० रेंजच्या चांगलंच वर, ठळक लाल अक्षरात. आता ते म्हणतायत की आयएल-१० हे शरीराचं स्वतःचं अँटी-इन्फ्लमेटरी आहे, बॉडी प्रयत्न करतीय, तिला सपोर्ट द्या, आणि त्या सपोर्टसाठी त्यांच्याकडेच एक आयएल-१० बूस्टर पावडर आहे, तीन महिने घ्यायची आणि मग परत तीच टेस्ट.

मला पावडर नकोच आहे, पण सासूबाईंना नाही म्हणायचं तर काहीतरी मुद्दा हवा. म्हणून विचारते. हे अँटी-इन्फ्लमेटरी सायटोकाइन वाढलेलं असणं चांगलं की वाईट? आणि दुसरं म्हणजे, आतड्याला सूज हाच जर आजार असेल आणि आयएल-१० सूज थांबवत असेल, तर सरळ आयएल-१०चंच इंजेक्शन का नाही देत कुणी? हा प्रश्न दिराचा आहे, इंजिनिअर आहे, त्याला उत्तर मिळेपर्यंत तो काही सोडणार नाही.

सदाशिव_काका:
रिपोर्टमध्ये आयएल-१० कमी आलं असतं तर म्हणाले असते कमी आहे, पावडर घ्या. नॉर्मल आलं असतं तर नॉर्मल टिकवायला पावडर घ्या. जास्त आलं तर सपोर्ट करा, पावडर घ्या. ज्या टेस्टच्या तिन्ही उत्तरांवर एकच औषध निघतं ती टेस्ट करायचीच कशाला? हा मुद्दा सासूबाईंना सांगा, पुरे आहे. बाकी विज्ञान मुलं सांगतीलच.

मॅक्रोफेजवाला:
काकांनी मुद्द्याचं आधीच सांगून टाकलं. मेघनाताई, मी पीएचडी करतोय, कामच मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) आहे, म्हणजे दिवसभर उंदरांच्या पेशी वाढवायच्या आणि संध्याकाळी आयएल-१०चा एलायझा (प्रोटीन मोजायची टेस्ट) लावायचा. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधोपचारावर बोलणार नाही, हे प्रकरण काय आहे तेवढं सांगतो.

१९८९ मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला डीएनएएक्स नावाच्या संशोधन संस्थेत टिम मॉसमन यांच्या गटाला दिसलं की टीएच-२ प्रकारच्या टी पेशी (टी पेशी म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) असं काहीतरी बाहेर सोडतात की ज्यामुळे टीएच-१ पेशींचं सायटोकाइन बनवणंच मंदावतं. तेच पुढे आयएल-१० झालं. मग थोड्याच काळात कळलं की बऱ्याचदा हे थेट टी पेशीवर काम करत नाही, ते मॅक्रोफेज आणि डेंड्रायटिक पेशींवर काम करतं, म्हणजे ज्या पेशी जंतूचा तुकडा टी पेशीला दाखवून "हा बघ, याच्यावर धावून जा" असं सांगतात त्यांनाच ते गप्प करतं. अशा पेशीवरचं एमएचसी-२ (तुकडा धरून दाखवणारं प्रोटीन) कमी होतं, सीडी-८० सीडी-८६ (टी पेशीला चेतवणारी प्रोटीनं) कमी होतात, आणि टीएनएफ, आयएल-१, आयएल-६, आयएल-१२ ही सूज वाढवणारी सायटोकाइन बनणं उतरतं. टीएनएफ लक्षात ठेवा, तुमच्या दिराचं इंजेक्शन त्याच्याच विरोधात आहे, त्यावर पुढे येतो.

आतली यंत्रणा इंजिनिअरसाठी: आयएल-१०चे दोन रेणू जोडीनं असतात, ते रिसेप्टरच्या दोन प्रकारच्या भागांना धरतात, आत जॅक-१ आणि टिक-२ ही एन्झाइम जागी होतात आणि ती स्टॅट-३ नावाच्या प्रोटीनला कामाला लावतात, जे केंद्रकात जाऊन जीन चालू-बंद करायला लागतं. आता गंमत अशी की आयएल-६ सुद्धा स्टॅट-३च वापरतं! तोच निरोप्या, तरी एक आग लावतं आणि दुसरं विझवतं. याचं एक कारण असं सापडलंय की एसओसीएस-३ नावाचं प्रोटीन आयएल-६च्या रिसेप्टरला चिकटून त्याचा सिग्नल लवकर तोडतं, पण आयएल-१०च्या रिसेप्टरला त्याला धरताच येत नाही, त्यामुळे आयएल-१०चा सिग्नल जास्त वेळ चालतो. म्हणजे सिग्नल किती वेळ टिकला यावर अर्थ बदलतो. मला स्वतःला या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, असो.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर. आयएल-१० बनवतं कोण, तर जवळजवळ सगळेच: रेग्युलेटरी टी पेशी (बाकीच्या रोगप्रतिकारक पेशींना आवरणाऱ्या), बी पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या), मॅक्रोफेज, आणि विशेष म्हणजे ज्या टीएच-१ पेशी मारामारी करतात त्यासुद्धा जोर वाढला की स्वतःच आयएल-१० सोडायला लागतात. म्हणून जिथे इन्फ्लमेशन जास्त तिथे आयएल-१० पण जास्त दिसतं. विसर्जनाच्या रात्री अलका चौकात सगळ्यात जास्त पोलीस असतात, त्यावरून कुणी म्हणत नाही की अलका चौक सगळ्यात शांत आहे. सिव्हिअर कोविडच्या पेशंटमध्ये आयएल-१० वाढलेलं होतं, आयएल-६च्या बरोबरीनं, आणि ज्यांचं जास्त त्यांची तब्येत सरासरीनं जास्त वाईट. सिव्हिअर डेंग्यूतही वाढलेलं सापडतं. सेप्सिसमध्येही. तेव्हा वाढलंय म्हणजे चांगलं असं नाही, वाईट असंही त्या एका आकड्यावरून म्हणता येत नाही. नुसता आकडा बघून काहीच म्हणता येत नाही.

कोथरूडची_मेघना:
थँक यू सो मच! दिराला वाचून दाखवलं, तो म्हणतो स्टॅट-३चं समजलं पण माझा प्रश्न राहिलाच. इंजेक्शन का नाही?

ट्रायलवाली_ताई:
हे मी सांगते, कारण क्लिनिकल रिसर्चमध्ये नोकरी केली आहे आणि नवीन लोकांना ट्रेनिंग देताना आयएल-१०चं उदाहरण मी हमखास घ्यायचे. तुमच्या दिराला सांगा, त्याच्या डोक्यात आलेली आयडिया शंभर टक्के लॉजिकल आहे आणि ती करूनही झाली आहे.

आधी पार्श्वभूमी. १९९३ मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी आयएल-१०चं जीन काढून टाकलेले उंदीर तयार केले. वाटत होतं की सगळीकडे गोंधळ होईल, पण मुख्य त्रास झाला तो आतड्याला, जुनाट एन्टेरोकोलायटिस, वजन घटलं, अ‍ॅनिमिया झाला. पुढे हेच उंदीर पूर्ण जंतूविरहित पिंजऱ्यात वाढवले तर आतडी ठीक राहिली. म्हणजे आतड्यात जे कोट्यवधी जंतू आपल्याबरोबर सुखानं राहतात त्यांच्याशी भांडण होऊ नये ही जबाबदारी मोठ्या प्रमाणात आयएल-१०ची आहे. हे बघितल्यावर कुठली कंपनी गप्प बसेल? क्रोन्सच्या पेशंटना रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत बनवलेलं) आयएल-१० द्यायला सुरुवात झाली. सुरुवातीच्या लहान ट्रायलनं आशा दाखवली. २००० साली मोठी ट्रायल छापून आली, ३२९ पेशंट, उपचारांना दाद न देणारे, रोज कातडीखाली इंजेक्शन, चार वेगवेगळे डोस आणि एक प्लासिबो (औषध नसलेलं खोटं इंजेक्शन). रेमिशनमध्ये (आजार शांत होण्यात) फरक नाही. ऑपरेशननंतर आजार परत येऊ नये म्हणून दिलं, त्यातही काही नाही. औषध म्हणून ते तिथेच संपलं.

का फसलं याच्यावर भरपूर चर्चा झालीये. एक तर इंजेक्शन दिल्यावर ते रक्तात काही तासच टिकतं, आणि आतड्याच्या भिंतीत जिथे हवंय तिथे किती पोचतं हाच प्रश्न. मग डोस वाढवा म्हणाल तर डोस वाढवल्यावर उलटच व्हायला लागलं, ताप, डोकेदुखी, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट उतरणं, आणि सगळ्यात विचित्र म्हणजे जास्त डोसच्या पेशंटमध्ये इंटरफेरॉन-गॅमा वाढलं!! जे इन्फ्लमेशन वाढवणारं म्हणून ओळखतात तेच. कारण आयएल-१० मॅक्रोफेजला गप्प करतं खरं पण सीडी-८ टी पेशींना (बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या) आणि बी पेशींना ते उत्तेजन देतं. ल्युपसमध्ये (स्वतःच्याच शरीरावर अँटिबॉडी उलटतात तो आजार) आयएल-१० वाढलेलं असतं आणि तिथे ते बी पेशींना अँटिबॉडी बनवायला मदत करून आजारात भरच घालतं असं मानतात, त्यामुळे ल्युपसच्या काही पेशंटना आयएल-१० अडवणारी अँटिबॉडी देऊन बघितली होती. एका आजारात द्यायचा प्रयत्न आणि दुसऱ्यात काढायचा, रेणू तोच.

आणि आता माझा आवडता किस्सा. बेल्जियममध्ये गेंटच्या लोकांनी डोकं लढवलं की रक्तातून पाठवण्यापेक्षा आतड्यातच कारखाना टाकू. त्यांनी लॅक्टोकॉकस लॅक्टिस घेतला, ताकात चीजमध्ये असतो तोच साधा जंतू, आणि त्याच्यात आयएल-१०चं जीन बसवलं. २००० मध्ये उंदरांवर चांगला परिणाम दिसला. माणसाला द्यायचं म्हणजे जीएम जंतू शौचावाटे बाहेर नाल्यात जाणार, तर त्यांनी ते जीन बसवलंच अशा जागी की जंतूचं थायमिडिन (डीएनए बनवायला लागणारा घटक) बनवण्याचं जीन उडून गेलं. आता त्याला बाहेरून थायमिडिन मिळालं तरच तो जगतो, नाहीतर मरतो. २००६ मध्ये दहा क्रोन्स पेशंटना दिलं, सुरक्षित निघालं, जंतू बाहेर जाऊन मेले. पण पुढच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या ट्रायलमध्ये प्लासिबोपेक्षा ठोस सरस ठरलं नाही. इतकं सुंदर इंजिनिअरिंग आणि तरी नाही चाललं. मला अजून हळहळ वाटते.

तर मेघना, ज्या गोष्टीसाठी शुद्ध प्रोटीन टोचून, मोजून, शेकडो लोकांवर बघून उत्तर नाही आलं, ती गोष्ट डब्यातल्या पावडरीनं होते हे सासूबाईंना कसं पटवलं त्या माणसानं, त्याला आमच्या सेल्स टीममध्ये घेतला असता.

सदाशिव_काका:
एक शंका. पावडर सोडा, पण घरात हळदीचं दूध, दही-ताक, तूप हे सगळं इन्फ्लमेशनला चांगलं म्हणतात ते तरी खरं का? आमची ही रोज हळदीचं दूध देते, मी मुकाट्यानं पितो.

मॅक्रोफेजवाला:
काका, प्या मुकाट्यानं, घरात शांतता राहते.

सिरीयसली सांगायचं तर आहाराचा भाग पूर्ण हवेतला नाहीये. आपण खाल्लेला फायबर मोठ्या आतड्यातले काही जंतू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट बनतं. २०१३ मध्ये वेगवेगळ्या गटांनी उंदरांमध्ये दाखवलं की ब्युटिरेटमुळे आतड्यातल्या रेग्युलेटरी टी पेशी वाढतात, आणि त्या पेशींचं एक मुख्य हत्यार आयएल-१० हेच आहे. या रेग्युलेटरी टी पेशी म्हणजे त्याच ज्यांच्यासाठी २०२५चं मेडिसिनचं नोबेल ब्रंकॉव, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळालं. क्रोन्सच्या पेशंटमध्ये ब्युटिरेट बनवणारा फिकॅलिबॅक्टेरियम नावाचा एक जंतू कमी झालेला सापडतो आणि त्या जंतूमुळे रक्तपेशी प्रयोगशाळेत आयएल-१० जास्त सोडतात असंही २००८ मध्ये दिसलं होतं. पण यातून "अमुक खा, आयएल-१० वाढेल, क्रोन्स बरा होईल" इथपर्यंत उडी मारता येत नाही. हळदीचं पण तेच, डिशमधल्या पेशींवर करक्युमिन टाकून काय काय होतं याचे ढीगभर पेपर आहेत, पण गिळलेलं करक्युमिन रक्तात फार थोडं पोचतं.

आणि हो, क्रोन्समध्ये आतडं कुठे अरुंद झालं असेल तर फायबर मनानं वाढवू नका, डॉक्टरांना विचारूनच.

बालरोग_डेक्कन:
थ्रेड चांगला चाललाय म्हणून लिहितो. मी बालरोगतज्ज्ञ आहे. आयएल-१०चा मोठ्या माणसांच्या क्रोन्सशी संबंध गुंतागुंतीचा आहे हे वर आलंच, पण एक जागा अशी आहे की जिथे गोष्ट अगदी सरळ आहे, आणि ती म्हणजे तान्ही बाळं.

काही बाळांना पहिल्या काही महिन्यांतच भयंकर कोलायटिस होतो, रक्ताचे जुलाब, वजन वाढत नाही, गुदद्वाराजवळ गळू आणि फिस्टुला (आतड्यातून बाहेर पडलेली नळीसारखी वाट), त्वचेवर फोड. आईवडील दूध बदलतात, अ‍ॅलर्जी समजून महिने जातात. २००९ मध्ये अशा मुलांचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला, त्यांच्यात आयएल-१०च्या रिसेप्टरच्या दोन भागांपैकी एकाच्या जीनमध्ये बिघाड होता. घरात नात्यात लग्न झालेली होती, म्हणजे आईवडील दोघंही वाहक. आयएल-१० बनतंय, भरपूर बनतंय, पण ऐकायला कानच नाही. अशा बाळाला आयएल-१०चं इंजेक्शन देऊन काय उपयोग? स्टिरॉइड, टीएनएफविरोधी औषधं सहसा पुरी पडत नाहीत. त्या अभ्यासातल्या एका मुलाला भावंडाचा मॅच होणारा बोन मॅरो दिला आणि आजार आटोक्यात आला, कारण मॅक्रोफेज वगैरे रक्तातून येणाऱ्या पेशी नव्या मॅरोतून नव्या रिसेप्टरसकट आल्या. आतडं तेच, फक्त पेशी बदलल्या. यावरून हेही कळलं की दोष आतड्याच्या अस्तरात नव्हता, रोगप्रतिकारक पेशींत होता. पुढे अशा काही मुलांना बी पेशींचा लिम्फोमा झाल्याचंही नोंदलं गेलं, म्हणजे हा सिग्नल नसण्याची किंमत फक्त आतड्यापुरती नाही.

मेघनाताई, तुमच्या दिराला हे नाहीये, मोठेपणी सुरू झालेल्या क्रोन्समध्ये हे शोधत बसायची सहसा गरज नसते, घाबरू नका. हे मी इथे लिहिणाऱ्या आईबाबांसाठी सांगतोय. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला असा सततचा रक्ताचा जुलाब आणि फिस्टुला असेल तर लवकर मुलांच्या गॅस्ट्रोकडे आणि जेनेटिक टेस्टकडे जा. नात्यात लग्न असेल तर ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा, आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही काही लपवायची गोष्ट नाही.

तळजाई_टेकडीकर:
भारी माहिती. आम्ही रोज सकाळी टेकडीवर फिरणारी मंडळी आहोत, आमच्यात एक जण नेहमी सांगतो की व्यायामानं शरीरातलं इन्फ्लमेशन कमी होतं. याचा आयएल-१०शी काही संबंध आहे का, की हाही पावडरवालाच? दुसरा प्रश्न, हे आयएल-१० जर इम्युनिटीला गप्प करतं तर मग कॅन्सरला ते फायद्याचंच ना, तिथे ते बंद करायला पाहिजे.

ट्रायलवाली_ताई:
टेकडीवाला तुमचा मित्र बरोबर आहे. भरपूर चालल्यावर किंवा धावल्यावर स्नायूच आयएल-६ सोडतात, आणि त्याच्या मागोमाग रक्तात आयएल-१० आणि आयएल-१ रिसेप्टर अँटॅगनिस्ट (आयएल-१ला अडवणारं प्रोटीन) थोडा वेळ वाढतात, हे डेन्मार्कच्या लोकांनी चांगलं दाखवलंय. तेच आयएल-६ जे कोविडमध्ये सगळ्यांनी घाबरून मोजलं. फिरत राहा. आणि यावरून एक धडा असा की टेकडी उतरून थेट लॅबमध्ये रक्त दिलं तर आकडा वेगळा येईल.

कॅन्सरचं मात्र उलटंच झालं. तुम्ही म्हणता तसंच सगळ्यांना वाटायचं, ट्यूमरभोवतीचे मॅक्रोफेज आयएल-१० सोडून टी पेशींना झोपवतात म्हणून. पण मगाशी लिहिलं तसं आयएल-१० सीडी-८ पेशींना चेतवतंही, आणि ट्यूमर मारतात त्या याच पेशी. म्हणून एका कंपनीनं आयएल-१०ला पॉलिमरची शेपटी लावून ते जास्त वेळ टिकेल असं केलं, नाव पेगिलोडेकाकिन, आणि ते कॅन्सरच्या पेशंटना दिलं. चक्क अँटी-इन्फ्लमेटरी सायटोकाइन इम्युनिटी वाढवायला! सुरुवातीचे निकाल बघून एली लिलीनं २०१८ मध्ये ती आर्मो नावाची कंपनी साधारण १.६ अब्ज डॉलरला घेतली. मग स्वादुपिंडाच्या कॅन्सरची फेज तीन, ५६७ पेशंट, केमोबरोबर दिलं. केमो अधिक औषध घेतलेल्यांचं आयुष्य मध्यमानानं ५.८ महिने, नुसती केमो घेतलेल्यांचं ६.३ महिने. झालं. वर अ‍ॅनिमिया आणि प्लेटलेटचा त्रास जास्त.

म्हणजे क्रोन्समध्ये द्यावं तर नाही, कॅन्सरमध्ये द्यावं तर नाही. तरी लोक सोडत नाहीत. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या गटानं आयएल-१० रिसेप्टरला नेमकं कसं बसतं याचं चित्र काढलं आणि त्यावरून असे बदललेले रेणू बनवले की जे मॅक्रोफेजवर काम करतील पण टी पेशींना चेतवणार नाहीत. दोन कामं वेगळी करता येतात एवढं त्यातून कळलं. औषध अजून लांब आहे.

मॅक्रोफेजवाला:
ताईंनी लिहिलेल्या शेवटच्या गोष्टीत एक जबरदस्त जोड आहे, लिहिल्याशिवाय राहवत नाही. ही दोन कामं वेगळी करण्याचं डिझाइन एका व्हायरसनं आपल्या कितीतरी आधी केलेलं आहे.

एपस्टाइन-बार व्हायरस, आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणीच होऊन गेलेला आणि जन्मभर बी पेशींमध्ये मुक्कामाला असलेला. १९९० मध्ये आयएल-१०चं जीन वाचल्यावर कळलं की या व्हायरसमध्ये जवळजवळ तसंच जीन आहे. म्हणजे कुठल्यातरी काळी त्यानं ते आपल्यासारख्या प्राण्याकडून उचललं असणार. आणि उचललं तेही निवडून: व्हायरसचं आयएल-१० मॅक्रोफेजला गप्प करतं पण आपल्या आयएल-१०सारखं टी पेशींना वगैरे चेतवत नाही, आणि याचं मूळ एका अमिनो आम्लाच्या बदलात सापडलंय, त्यामुळे ते रिसेप्टरला ढिलं धरतं. सायटोमेगॅलोव्हायरसकडे पण स्वतःचं आयएल-१० आहे. आयएल-१० किती कामाचं आहे याचा मला पटणारा पुरावा हाच, चोर उगाच कुठलीही वस्तू उचलत नाही.

दुसरी गोष्ट काला आजाराची. माझा रूममेट बिहारचा आहे, त्याच्या आजोळच्या गावात तो लोकांनी बघितलेला. लिशमॅनिया हा परजीवी मॅक्रोफेजच्या आतच राहतो, म्हणजे ज्यानं मारायचं त्याच्याच घरात. पेशंटच्या रक्तात आणि प्लीहेत आयएल-१० खूप असतं. प्लीहेतल्या पेशी काढून डिशमध्ये आयएल-१० अडवलं तर परजीवी कमी होतात असं भारतातल्या पेशंटच्या नमुन्यांवर दिसलं. मग वाटतं की अडवूनच टाका. पण उंदरांमध्ये त्वचेच्या लिशमॅनियावर २००२ मध्ये असं आढळलं की आयएल-१० नसेल तर परजीवी पूर्ण साफ होतो खरा, पण मग परत संसर्ग झाल्यावर संरक्षणच राहत नाही, थोडे परजीवी उरलेले असले तर ती तयारी टिकते. आणि टॉक्सोप्लाझ्मात तर आयएल-१० नसलेले उंदीर परजीवी आटोक्यात असतानाही मेले, स्वतःच्याच इम्युनिटीच्या माऱ्यानं.

ज्यांना या विषयात रस असेल त्यांच्यासाठी, आपल्याच पुणे विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस (राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र) आहे, तिथे मॅक्रोफेज आणि लिशमॅनियावर बरीच वर्षं काम चाललंय. बारावीनंतर काय करायचं असं विचारणारे पालक इथे खूप असतात म्हणून सांगितलं.

आणि दिराच्या इंजेक्शनवर पुढे येतो म्हणालो होतो. अडालिमुमॅब टीएनएफला बांधतं हे खरं, पण टीएनएफविरोधी अँटिबॉडी नुसतं टीएनएफ पकडून थांबत नाहीत, त्यांच्यामुळे आतड्यातले मॅक्रोफेज शांत, जखम भरणाऱ्या प्रकारचे व्हायला लागतात. २०२०च्या एका अभ्यासात दिसलं की हा परिणाम व्हायला मॅक्रोफेजमधला आयएल-१०चा सिग्नल शाबूत लागतो. तेव्हा त्याला सांग, ज्या आयएल-१०च्या इंजेक्शनबद्दल तो विचारतोय त्याचा काही फायदा तो पंधरा दिवसांनी घेतोच आहे, आडवाटेनं.

कोथरूडची_मेघना:
हे शेवटचं वाचून दीर जाम खूष झालाय, दिवसभर तेच सांगत सुटलाय सगळ्यांना. सासूबाईंना काकांचं तीन उत्तरं एक औषध हेच पटलं, बाकीचं त्यांनी ऐकून घेतलं. पण त्यांचा एक प्रश्न उरलाय तो मलाही रास्त वाटतो: पावडर नको ठीक आहे, पण टेस्ट तरी तीन महिन्यांनी परत करावी ना, वाढतंय की कमी होतंय कळायला? एवढं लाल अक्षरात आलंय तर सोडून कसं द्यायचं.

बालरोग_डेक्कन:
करू नका. क्रोन्स किती चालू आहे हे ठरवायला रक्तातलं आयएल-१० कुणी वापरत नाही. ते रक्तात थोडं असतं, पटकन नाहीसं होतं, सर्दी झाली तरी बदलतं, नमुना किती वेळ पडून राहिला यावरही फरक पडतो, आणि आतड्यात काय चाललंय ते रक्तात दिसेलच असं नाही. आयएल-१० मोजायचा खरा उपयोग होतो अशा जागा मोजक्या आहेत, उदाहरणार्थ डोळ्याच्या आतला लिम्फोमा असावा असा संशय असेल तर डोळ्यातल्या द्रवात आयएल-१० आणि आयएल-६चं प्रमाण बघतात, आयएल-१० जास्त निघालं तर संशय बळावतो. किंवा एचएलएच नावाच्या, रोगप्रतिकारक शक्ती बेफाम होते अशा गंभीर आजारात, तिथे पेशंट आयसीयूत असतो, ऑफिसला जात नाही.

त्यापेक्षा शौचातलं कॅलप्रोटेक्टिन आणि रक्तातलं सीआरपी, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन, आणि गॅस्ट्रो म्हणतील तेव्हा स्कोपी. कॅलप्रोटेक्टिन थेट आतड्यातल्या न्यूट्रोफिलचा (सुजेच्या जागी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी) अंदाज देतं आणि पुण्यातल्या बऱ्याच लॅबमध्ये होतं. मधूनअधून पोट बिघडतं म्हणालात ना, तर त्या वेळी हीच टेस्ट कामाची, सूज परत आलीये की नुसतं बाहेरचं खाणं बाधलंय ते कळायला. जास्त आलं तर डॉक्टर कदाचित अडालिमुमॅबची रक्तातली लेव्हल आणि त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी झाल्यात का ते बघायला सांगतील, मग डोस वाढवायचा की औषध बदलायचं ते ठरतं. बदलायला आता पर्याय आहेत, वेडोलिझुमॅब, उस्टेकिनुमॅब वगैरे.

आणि दोन गोष्टी. पावडरचे काही डोस आधीच पोटात गेले असतील तर डब्याचा फोटो काढून गॅस्ट्रोना दाखवा आणि एकदा लिव्हरची टेस्ट करून घ्या, अ‍ॅझाथायोप्रिन घेतलेल्या माणसाच्या लिव्हरला अजून एक अनोळखी पाहुणा नको. दुसरं, टीएनएफ अडवलेलं असताना जुना दबलेला टीबी उठू शकतो, सुरू करण्याआधी छातीचा एक्सरे आणि टीबीची टेस्ट झालीच असेल, पण दोन आठवड्यांच्या वर खोकला किंवा संध्याकाळचा बारीक ताप आला तर पुढच्या इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांना फोन करायचा, नंतर नाही.

सदाशिव_काका:
कॅलप्रोटेक्टिनचा नमुना सकाळी द्यायचा असतो का हो डॉक्टर? आमच्या जावयाला पण सांगितलीये ती टेस्ट.

बालरोग_डेक्कन:
काका, सकाळचा पहिला असला तर बरा, दिवसभरात आकडा वरखाली होतो. आणि आधी पेनकिलर, म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असलं काही घेतलं असेल तर लॅबला आणि डॉक्टरांना दोघांनाही सांगायला लावा जावईबापूंना, त्यानं पण वाढतं ते.